पाऊण फेरा

२७ ऑक्टोबर, सोमवार

गाडीचा जुना ऑइल फिल्टर आता कुठेच मिळत नाही, हे आज नक्की झालं. पाच दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानदाराने तर विचारलं, "बाई, ही गाडी अजून चालते?"

चालते. माझी धाकटी चालवते. गाडीच्या मागच्या भागात डोळे तपासायचं यंत्र, भिंगांचे ट्रे, फ्रेमांची खोकी असतात. वर्षातून दोनदा ती घाट चढून डोंगरापलीकडच्या वस्त्यांत जाते आणि मुलांचे डोळे तपासते. नऊ तारखेला निघायचं ठरलंय. सात शाळांना तारखा कळवून झाल्या आहेत.

ह्यांनी हे इंजिन बावीस वर्षं सांभाळलं. लोक ह्यांना मिस्त्री म्हणूनच ओळखतात. जुलैत झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं. मला शंका येते. सकाळी "चहा हवा का?" विचारलं तर मान 'नाही' अशी हलवली आणि कप पुढे केल्यावर पिऊन टाकला. हो आणि नाहीची अशी अदलाबदल रोज चालते.

गॅरेजवाला म्हणतो, इंजिनच बदला. धाकटी म्हणते, जुनाच फिल्टर धुऊन घालू. तो आधीच दोनदा धुतलाय. घाणेरडं ऑइल इंजिनात फिरलं की इंजिन कधी आवळून बसेल सांगता येत नाही, हे ह्यांचंच वाक्य. घाटात आवळलं तर? पुढचं मी लिहिणार नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बोलायला शिकवणारी मुलगी आली होती. सोमवारी आणि गुरुवारी येते. आज मलाच धडा दिला. "काकू, काकांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. वाट बघा."

"किती वेळ बघायची?"

"लागेल तेवढा."

तेहतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत घालवली मी. मूल अडलं की पुढचा शब्द आपण द्यायचा, तास पुढे न्यायचा. वाट बघत बसले असते तर एकाही वर्गाचा अभ्यासक्रम पुरा झाला नसता. हे तिला सांगितलं नाही, पण तोंडावर दिसलं असावं.

ती गेल्यावर हे टेबलाच्या खणावर डाव्या हाताने थापा मारायला लागले. "औषध झालंय," मी म्हटलं. थापा चालूच. "चष्मा डोळ्यावर आहे." शेवटी वैतागून खण उपसला, तर तळाशी ह्यांनी जूनमध्ये काढलेला नकाशा. एक गोल चकती, मध्ये पोकळ बोल्ट, कडेला मापं. जुन्या फिल्टरची लोखंडी वाटी काढून टाकायची, तिच्या जागी ही चकती बसवायची, की बाजारात मिळणारा नवा, डब्यासारखा फिल्टर तिच्यावर फिरवून बसतो. म्हणजे झटका यायच्या आधीच ह्यांनी सगळं योजून ठेवलं होतं.

कागद हातात घेऊन हे रडले. मी चहा टाकला.

३ नोव्हेंबर, सोमवार

लेथवाल्याने चकती कातून दिली. ह्यांचा जुना दोस्त. चकती फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन आला, सोबत एक नवा फिल्टरही. कुठल्याशा मोडीत निघालेल्या दुकानातला, खोक्याशिवायचा. वर नुसता एक आकडा.

"मिस्त्री, बघा बरं, तुमच्या मापात केसाचाही फरक आहे का!" ह्यांनी डाव्या अंगठ्याने आटे चाचपले, बराच वेळ. मग लेथवाल्याच्या पोटात बोट खुपसलं. दोघं हसले. ह्यांचं अर्धंच तोंड हसतं, ते बघायची मला अजून सवय झालेली नाही.

"बसवणार कोण?" मी विचारलं.

"माझ्याकडे बघू नका, बाई. ही पाठ एकदा खाली गेली की क्रेन बोलवावी लागेल."

"धाकटी आठ तारखेपर्यंत भिंगं घासून घ्यायला बाहेरगावी आहे."

"मग तुम्हीच. बुद्धी मिस्त्रींची, हात तुमचे. एवढं लक्षात ठेवा, जुनं रबरी कडं खाचेत चिकटून राहतं, ते आधी खरवडून काढा. बाकी मिस्त्री सांगतीलच."

सांगतीलच म्हणे! दिवसाला चार शब्द निघतात ह्या तोंडातून, तेही अर्धे. पण त्याच्यासमोर मी काही बोलले नाही. मला जमणार नाही असं परक्या माणसासमोर म्हणायची मला सवय नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज गाडीखाली गेले. वय वर्षं चौसष्ट. चाकांना विटा लावल्या, जॅकवर विश्वास नको म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे दिले, पोतं अंथरलं आणि सरपटत आत शिरले. नाकापासून वीतभर वर एवढं लोखंड. आपण श्वास जोरात सोडला तर ते खाली येईल, असं वाटत होतं. घाबरून पाच मिनिटं नुसती पडून होते. कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

ह्यांची खुर्ची मी पुढच्या चाकाशी आणून ठेवली होती. खालून मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

ऑइल काढलं. लोखंडी वाटी निघता निघेना. पान्याला लांब नळी लावून जोर दिला, तेव्हा सुटली आणि उरलेलं काळं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. जुनं रबरी कडं सुईने उचकटलं, चार तुकड्यांत निघालं. तुकडे बाहेर नेऊन ह्यांच्या मांडीवर जुळवून दाखवले. त्यांनी बोटाने गोल गिरवून पाहिला. पुरा होता. मान 'नाही' अशी हलवली, पण चेहरा 'हो'चा होता.

चकती बसली. पोकळ बोल्ट आवळला. उद्या फिल्टर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फिल्टर बसला. हात धुतले, लगेच लिहून ठेवते.

नव्या डब्याच्या कड्याला ऑइलचं बोट लावलं, आट्यांवर धरून हाताने फिरवत नेला. कडं चकतीला टेकलं. इथून पुढे किती आवळायचं, हा प्रश्न. खालून ओरडले, "अहो, टेकलं! आता अजून किती?"

वरून "पाऽ…" आणि मग काहीच नाही.

"पाव? पाव फेरा?"

"पाऽव… पाऽऊ…"

"पाव ना? ऐकलं मी."

चपला हलल्या. खुर्चीच्या दांडीवर थाप पडली. मी हिशेब केला: शिकवणीच्या वेळीही ह्यांचा दुसरा शब्द म्हणजे नेहमी पहिल्याचंच गचाळ रूप असतं. शिवाय पाव पटण्यासारखंही होतं. प्रयोगशाळेत काचेची तोटी मुलं आवळून आवळून तडकवायची. सगळ्या वर्षांत मी एकच ओरडत आले, टेकली की जरासं, बस्स. रबराचंही तसंच. पाव फेरा दिला आणि बाहेर आले.

हे दांडीवर थापा मारतच होते. मान हलत होती, 'नाही, नाही'. आता ह्या मानेचं काय खरं मानायचं? "झालं हो तुमच्या मनासारखं," मी म्हटलं आणि त्यांना आत नेलं. ऊन लागलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

धाकटी आली. नवं ऑइल भरून इंजिन चालू केलं, खाली पुठ्ठा टाकला. दहा मिनिटांनी पुठ्ठा कोरडा. ती पोत्यावर आडवी होऊन बघून आली. "आई, तू? खरंच तू? बाबा, आता दुकान हिच्या नावाने उघडा."

मी हसले. पण सगळं नीट झालं की मला जास्त भीती वाटते.

हे हसले नाहीत. तिचा हात धरून "पाऽ… पाऽऊ" करत राहिले. ती म्हणाली, "पाऊस? नाही बाबा, आकाश स्वच्छ आहे, घाटात पण कोरडंच आहे, मी विचारलंय." त्यांनी तिचा हात झटकला. असा झटकलेला मी कधी पाहिला नव्हता. तिचे डोळे भरले. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तू जाणार म्हणून होतंय त्यांना. मनाला लावून घेऊ नकोस."

९ नोव्हेंबर, रविवार

सात वाजता निघाली. आज सपाट रस्ता, मुक्काम घाटाखालच्या मैत्रिणीकडे. उद्या घाट.

गाडी फाटकातून वळली तशी ह्यांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. पडलेच असते. मी कमरेला धरलं. "पाऊ! पाऊ!" पाणी दिलं, तर भांडं उडवलं. पाऊल दुखतंय म्हणावं तर डावं पाऊल चेपू दिलं नाही, उजव्याला काही कळत नाही. जेवले नाहीत. घाम. एकच शब्द पुन्हा पुन्हा. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, दुसरा झटका येण्याआधी माणूस असा अस्वस्थ होऊ शकतो.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रक्तदाब बघा. जास्त होता, पण फार नाही. झोपेची अर्धी गोळी द्या म्हणाले. दिली. गोळी गिळताना हे माझ्याकडे असे बघत होते की मी तोंड फिरवलं.

हे गेले तर मी काय करू, असा विचार आज पहिल्यांदा सरळ, नावानिशी केला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहिणार आहे. नाहीतर मी मला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवीन.

साडेदहाला धाकटीचा फोन. "आई, ऑइल पट्टीवर थोडं कमी दिसतंय. नव्या डब्यात गेलं असेल ना?"

"हो तर. नवा डबा भरायला लागतंच तेवढं." मी एका क्षणात उत्तर दिलं. ठणठणीत आवाजात.

"मग निघते. चार-पाच तास फोन लागणार नाही, काळजी करू नकोस."

अकराला शिकवणारी मुलगी आली. हे कालच्यासारखेच, घामाघूम, "पाऊ, पाऊ". मी म्हटलं, "आज राहू दे, बरं नाहीये त्यांना." ती खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, "काकू, शब्द अडतो, पण पाठ केलेलं अडत नाही. गाणी, पाढे, वारांची नावं, हे कधी कधी आपोआप वाहत येतं. काका, दोनचा पाढा म्हणू या?"

तिने सुरुवात करून दिली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे मिटले. आणि चार महिन्यांत जो आवाज ऐकला नव्हता तो आवाज आला. दोनचा पाढा नव्हे. लहानपणी शाळेत हेल काढून घोकतात तशी पाउणकी, पाऊणचा पाढा.

"एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन…"

मुलगी टाळ्या वाजवायला लागली. "काकू, बघा, बघा!"

मला ऐकू येईनासं झालं. पाव नव्हे. पाऊण. पाव फेऱ्याच्या जागी पाऊण फेरा. अर्धा फेरा मी कमी दिला होता, आणि हा माणूस तीन दिवस तेच ओरडून सांगत होता, आणि मी त्याला पाणी पाजत होते, पाय चेपत होते, शेवटी गोळी देऊन झोपवलं.

ऑइल कमी झालं नव्हतं. गळत होतं.

फोन लावला. लागला नाही. पुन्हा. अकरा वेळा. मी जमिनीवरच बसले. मुलीने विचारलं, काय झालं. सांगताना माझी जीभ ह्यांच्यासारखी अडखळली. ती मुलगी गोंधळली नाही. म्हणाली, "घाटाखाली कोण ओळखीचं आहे?"

मैत्रिणीचा नंबर माझ्याकडे नव्हता. लेथवाल्याला फोन केला. त्याच्याकडे कामाला येणाऱ्या ट्रकवाल्यांपैकी कोणाकडे तरी घाटाखालच्या पंपाचा नंबर असणार. वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी लिहू शकत नाही. हे माझा हात धरून होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

पंपवाला भला माणूस. "चष्मेवाली ताई? ओळखतो की. इथेच टाकी भरली. अर्धा तास झाला वर गेली."

"गाडी उभी होती तिथे खाली काही डाग आहे का, बघता का?"

फोन ठेवून तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज गेला आणि परत आला. "आहे हो, बाई. परातीएवढा आहे. ओला आहे."

"कोणी वर जात असेल तर…" एवढंच म्हणता आलं. तो म्हणाला, "टेम्पो निघतोय एक, सांगतो त्याला. तुम्ही फोन मोकळा ठेवा."

मोकळा ठेवला. बारा वाजले. साडेबारा. मला एकेक वळण दिसत होतं. त्या घाटात कठडा अर्ध्याच रस्त्याला आहे. मुलगी पुढच्या शिकवणीला गेली नाही, बसून राहिली. मी दोनदा देवाचं नाव घेतलं, आणि एकदा स्वतःला अशी शिवी दिली की ती चपापली.

एक वाजून दहा मिनिटांनी पंपाच्या नंबरवरून धाकटीचा आवाज. "आई."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आई, मी ठीक आहे. चौथ्या वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला. बाबांनी शिकवलंय ना, दिवा लागला की विचार करायचा नाही, चावी बंद. बंद केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. खाली बघते तर नुसतं ऑइल. फिल्टर हाताने हलतोय, आई! टेम्पोवाल्या दादांनी मला खाली आणलं. ऑइल घेतलंय, आता परत वर जाऊन भरते. पण फिल्टर किती आवळू?"

पाऊण फेरा, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. पण मी ह्या प्रकरणात दोनदा झटपट उत्तर दिलं होतं, आणि दोन्ही वेळा चुकीचं. मी म्हटलं, "थांब. बाबांना विचार." आणि फोन ह्यांच्या कानाला लावला.

"बाबा, कडं टेकल्यावर किती?"

"पाऽ…"

मी ओठ दाबून धरले. शिकवणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. ह्यांनी डोळे मिटले आणि तो हेल धरला. "एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड. तीन पाऊण…" सुरू झालं ते थांबेना. चार, पाच, सहा. कपाळावर शिरा तटतटल्या, थांबायचंय हे दिसत होतं, पण पाढा त्यांना ओढत घेऊन चालला होता, पार दहा पाऊण साडेसातपर्यंत.

"साडेसात फेरे?" धाकटी हसत होती की रडत होती कळलं नाही. "बाबा, मी काय रहाट ओढतेय? नीट सांगा ना. आधी एक पूर्ण, मग पाऊण? की नुसता पाऊण?"

मला माहीत होतं. शिकवणाऱ्या मुलीलाही कळलं होतं. फोनच्या दोन्ही टोकांना कोणी बोललं नाही. घड्याळात पाहिलं नाही, पण फार वेळ गेला. मग ह्यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडावर धरला, मी काही बोलत नव्हते तरी, आणि म्हणाले,

"नु… सता. पाऊण."

"नुसता पाऊण. कळलं, बाबा."

१२ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी पुन्हा मैत्रिणीकडे मुक्काम करून काल दुपारी धाकटी पलीकडे पोचली. पट्टीवर ऑइल बरोबर, फिल्टरखाली कोरडं. इंजिनाच्या आवाजात फरक नाही, म्हणाली. आजची शाळा करून फोन करेल.

हे काल पोटभर जेवले. मला मात्र घास उतरत नाही. संकट टळलं, माणसं सुखरूप, मग आता कसली भीती, असं लेथवाला म्हणाला. त्याला काय सांगू?

जुलैपासूनचे दिवस आठवतेय. किती वेळा त्यांनी तोंड उघडलं आणि मी उठून पाणी आणलं. किती वेळा पांघरूण सारखं केलं, पंखा बंद केला, चहा टाकला. प्रत्येक वेळी मला वाटलं, मला कळलं.

इस्पितळातला दुसरा दिवस. वेळ दुपारी दोनची. मी डबा धुऊन, पिशवी भरून घरी निघाले होते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "रा… राऽह…" म्हणाले. झटक्यानंतरचा तो पहिला शब्द. मी घाईत होते. म्हटलं, "रात्र नाही झाली हो, दुपार आहे. झोपा." बोटं एकेक करून सोडवली आणि गेले.

ते 'रात्र' म्हणत नव्हते.